बक्षिसाचा तगादा

कागदावर नाव नाही, पत्ता नाही, सहीही नाही. माल कुठे आहे, कुणाचा आहे, कधी हलणार आहे, एवढा मजकूर असतो, माहिती मिळाल्याची तारीख आणि वेळ असते, आणि तळाशी डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. कागद पाकिटात जातो, पाकिटाला सील लागतं आणि ते साहेबांच्या कपाटात बंद होतं. सीमाशुल्क खात्याला टीप देणाऱ्या माणसाची सरकारदरबारी असते ती नोंद एवढीच. पदवीधर असो की लखपती, या कागदापुरता तो अंगठेबहाद्दर. त्यामागे साधा हिशेब आहे. सही वाचता येते, ओळखीचा माणूस ती पटकन ओळखतो. ठशावरून नाव काढायचं तर आधी माणूस समोर हवा.

या कागदाची नक्कल खबऱ्याने घरी न्यावी म्हटलं तर ते स्वतःच्या हाताने फास विणण्यासारखं. म्हणजे पुरावा जो काही आहे तो सगळा देणेकऱ्याच्या कपाटात, आणि घेणेकरी रिकाम्या हातांनी घरी. पुढे कधी पैशांवरून वाद झालाच, तर तो असा सुरू होतो.

खबऱ्यांचे पैसे साधारण दोन वाटांनी येतात. पहिली वाट चिल्लर पैशांची. पोलिसांकडे गुप्त सेवेसाठी निधी असतो. त्यातून ठाण्यातला एखादा अधिकारी आपल्या खबऱ्याच्या हातावर पाचशे-हजार ठेवतो, कधी नुसतं जेवू घालतो, कधी एखाद्या किरकोळ गुन्ह्याकडे काणाडोळा करतो. पावती मागायची सोय नसते, कारण पावती म्हणजे नाव. खर्च खरोखर झाला आहे असा वरिष्ठांचा दाखला, यावरच हिशेब मिटतो. या वाटेवरची भांडणं कोर्टात जात नाहीत. खबऱ्या फार तर पुढची टीप देत नाही, नाहीतर दुसऱ्या ठाण्याचा रस्ता धरतो.

दुसरी वाट टक्क्यांची, आणि खरी रणं तिथे माजतात. तस्करीचं सोनं, चुकवलेलं आयातशुल्क, दडवलेलं उत्पन्न, बेनामी जमीन यांची पक्की खबर देणाऱ्याला वसुलीतला वाटा मिळेल असं सरकार जाहीरपणे सांगतं. सीमाशुल्क आणि उत्पादनशुल्काच्या बाबतीत ३१ जुलै २०१५ रोजी निघालेल्या मार्गदर्शक सूचना लागू झाल्या. त्यांत बक्षिसाची मर्यादा २० टक्के आहे. प्राप्तिकर खात्याने २०१८ साली योजना नव्याने काढली. देशातल्या करचुकवेगिरीच्या माहितीला जास्तीत जास्त ५० लाख, परदेशातल्या काळ्या पैशाच्या माहितीला ५ कोटी, आणि त्याच वर्षी बेनामी मालमत्तेसाठी १ कोटी. आकडे डोळे दिपवणारे आहेत, आणि जाहिरात म्हणून ते तसेच असायला हवेत.

आता ‘२० टक्के’ हा शब्द खबऱ्याच्या कानात कसा शिरतो ते पाहा. तो ऐकतो, भाव २० टक्के. एक कोटीचं सोनं पकडून दिलं, आपले वीस लाख झाले. सूचनांत मात्र ‘२० टक्क्यांपर्यंत’ आहे, आणि त्या ‘पर्यंत’मध्ये अख्खं खातं मावतं. टक्के काढायचे ते बाजारभावावर नाहीत, खर्चवेच वजा जाऊन माल विकून हाती आलेल्या रकमेवर, किंवा खरोखर वसूल झालेल्या करावर आणि दंडावर. किती टक्के द्यायचे ते समिती ठरवते. माहिती किती नेमकी होती, ती मिळवायला किती धोका पत्करला, टीप देऊन खबऱ्या घरी जाऊन बसला की पुढेही मदत केली, माल सापडला पण माणसंही सापडली का, असं सगळं तोलून. थोडक्यात, खबऱ्याचा पेपर तपासला जातो. आपल्याला किती गुण पडले आणि का, हे मात्र त्याला कुणी दाखवत नाही.

शिवाय वेळ. छापा पडला त्या दिवशी पैसे मिळत नाहीत. काही हिस्सा आगाऊ देता येतो, पण शेवटचा हिशेब शेवटच्या अपिलानंतरच. ज्याचं सोनं पकडलं तो गप्प बसत नाही. आधी खात्यातलं अपील, मग न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय, जमलं तर दिल्ली. त्यात दहा-पंधरा वर्षं सहज जातात. ज्याने पाकिटाला सील लावलं तो अधिकारी बदलून जातो, निवृत्त होतो, कधी वारतोही. नव्या साहेबाच्या समोर एक अनोळखी इसम उभा राहतो आणि म्हणतो, अमुक साली अमुक टीप दिली होती ती मी. नवा साहेब त्याच्याकडे पाहतो, कपाटाकडे पाहतो. अंगठा जुळला तर गाडं पुढे सरकतं. पाकीटच सापडलं नाही तर?

वादाची आणखी एक ठरलेली तऱ्हा आहे. खातं म्हणतं, ही माहिती आमच्याकडे आधीच होती. हे कधी खरं असतं. एकाच खेपेची टीप दोघा-तिघांनी दिलेली असते, कारण तस्करांच्या टोळीत हमाल, खलाशी, ड्रायव्हर आणि वाट्यावरून बिनसलेला भागीदार अशी बरीच तोंडं असतात. समुद्रमार्गे दुबईहून सोनं येण्याच्या काळात, कापडी जाकिटांच्या कप्प्यांत दहा-दहा तोळ्यांची बिस्किटं शिवून माणसं किनाऱ्यावर उतरत तेव्हा, मुंबईतली कितीतरी पक्की खबर धंद्यातल्या धंद्यातूनच बाहेर येई. प्रतिस्पर्ध्याचा काटाही निघतो आणि वर सरकार पैसे देतं. अशा वेळी पहिली टीप कुणाची हे ठरवायचं कसं? पाकिटावरच्या तारखेवरून. आणि पाकीट कुणाच्या कपाटात? आलो फिरून तिथेच.

मग खबऱ्या कोर्टात का जात नाही? जातो. २००३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण होतं आणि न्यायालयाने प्रश्न मुळापासून निकालात काढला. बक्षीस ही सरकारने मर्जीने दिलेली रक्कम आहे, तो कुणाचा हक्क नव्हे. द्यायचं की नाही आणि किती द्यायचं हा अधिकाऱ्याच्या विवेकाचा प्रश्न. ते द्याच, असा हुकूम मागण्यासाठी रिट घेऊन येता येणार नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली ‘बक्षीस’ या एका शब्दात आहे. सरकारने मेहनताना म्हटलं नाही, दलाली म्हटलं नाही, मोबदलाही म्हटलं नाही. बक्षीस म्हटलं. मजुरी थकली तर मजूर दारात येऊन बसतो, दलाली बुडवली तर दलाल बाजारात बदनामी करतो. पण बक्षिसाचा तगादा कुणी लावायचा? दिवाळीची ओवाळणी कमी पडली म्हणून कोणती बहीण कोर्टात गेली आहे? शब्द निवडला तेव्हाच खटल्याचा निकाल लागला होता. आणि तरीही योजना जाहीर करताना टक्के सांगायचे, कमाल रकमा सांगायच्या, म्हणजे बोलायचं व्यापाऱ्यासारखं आणि द्यायच्या वेळी व्हायचं दानशूर.

हे असंच असायला हवं असं नाही. कौटिल्याने हा प्रश्न फार सरळ सोडवला होता. ‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणात, सरकारी पैशाच्या अफरातफरीची खबर देणाऱ्या ‘सूचका’चा वाटा ठरवून दिलेला आहे. आरोप सिद्ध झाला तर रकमेचा सहावा हिस्सा. सूचक स्वतःच सरकारी नोकर असेल तर बारावा, कारण त्याला पगार मिळतोच आहे. सहावा हिस्सा म्हणजे साडेसोळा टक्क्यांच्या जरा वर, आजच्या मर्यादेच्या जवळपासच. पण तिथे ‘पर्यंत’ नाही, समितीची मर्जी नाही. त्याची दुसरी बाजूही तितकीच रोखठोक आहे. आरोप सिद्ध करता आला नाही तर सूचकालाच शिक्षा, आणि आरोपीशी संगनमत करून त्याने माघार घेतली तर मृत्युदंड. कौटिल्य दयाळू नव्हता, पण व्यवहाराला व्यवहार म्हणत होता.

गुप्त माहितीच्या पैशांवरून सर्वांत गाजलेला दावा मात्र आपल्याकडचा नाही. तो अमेरिकेतला आहे आणि त्यातला देणेकरी आहे अब्राहम लिंकन.

जुलै १८६१. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच पेटलेलं. विल्यम लॉइड नावाचा एक माणूस होता. दक्षिणेकडच्या रेल्वे आणि आगबोटींची माहितीपुस्तकं छापणं हा त्याचा धंदा, म्हणजे दक्षिणेत फिरायला त्याच्याकडे सबब तयार होती. त्याच्या वारसाने पुढे कोर्टात मांडलेली हकीकत अशी, की राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्याच्याशी खुद्द करार केला. त्याने बंडखोर राज्यांत जायचं, कुठे किती फौज आहे ते पाहायचं, किल्ल्यांचे आणि तटबंद्यांचे नकाशे मिळवायचे आणि सगळं थेट लिंकनना कळवायचं. पगार महिन्याला २०० डॉलर. लॉइड गेला. युद्ध संपेपर्यंत शत्रूच्या मुलखात राहिला. परत आला तेव्हा सरकारने त्याचा खर्च तेवढा भरून दिला. पगार नाही. चार वर्षांचा पगार म्हणजे नऊ हजार डॉलरांच्या वरची रक्कम, आणि त्या काळी ती लहान नव्हती.

करार करणारे दोघे. त्यांपैकी एकाला एप्रिल १८६५ मध्ये नाट्यगृहात गोळी घातली गेली. दुसराही पुढे वारला. मग लॉइडच्या इस्टेटीचा कारभारी टॉटन याने सरकारवर दावा लावला. सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या कोर्टाने करार झाला होता, काम झालं होतं, हे मान्य केलं. पण असा करार करून सरकारला बांधून घेण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला आहे का, यावर न्यायाधीशांत निम्मेनिम्मे झाले आणि दावा वर गेला.

सर्वोच्च न्यायालयाचा १८७६ चा निकाल न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी लिहिला. तो जेमतेम दोन-तीन पानांचा आहे आणि वाचणारा आधी फसतो. कारण सुरुवात लॉइडच्या बाजूने होते. युद्धकाळात सेनापती या नात्याने राष्ट्राध्यक्षाला हेर नेमण्याचा अधिकार आहे, त्यात शंकाच नको. वाटतं, झालं, मिळाले पैसे. मग निकाल वळण घेतो. काम गुप्त होतं. ते गुप्तच राहणार, दोघांचीही तोंडं कायमची बंद राहणार, हे करारातच गृहीत होतं. मग या कराराच्या जोरावर कोर्टात येणं म्हणजे काय? तोंड उघडणं. म्हणजे दावा दाखल करणं हाच करारभंग, आणि ज्याने करार मोडला त्याला कराराचे पैसे कसे मागता येतील?

कायद्याच्या पुस्तकांत इतका गुळगुळीत सापळा क्वचितच पाहायला मिळतो. तुझं घेणं खरं आहे, पण तू ते मागितलंस म्हणून बुडालं. न मागता ते मिळणार होतं का, तर नाही. फील्ड यांनी दाखले दिले ते कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूचे, नवरा-बायकोच्या खासगी बोलण्याचे, वकिलाचे आणि डॉक्टरचे. ही गुपितं कोर्टात फोडता येत नाहीत, मग हेराचं तर मुळीच नाही. दाखले चांगले आहेत. फरक एवढाच, की वकिलाची आणि डॉक्टरची फी गुपित न फोडता वसूल करता येते.

या गोष्टीला शेपूट आहे आणि मला ते गोष्टीइतकंच आवडतं. अलीकडे दोन संशोधकांनी जुनी कागदपत्रं उकरून लॉइडवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष असा, की हा हेर नव्हताच. मूळचा दक्षिणेचाच कैवारी, थकलेली उधारी वसूल करायला लिंकनच्या सहीचा परवाना घेऊन गेला आणि परत आल्यावर त्याने हेरगिरीची कहाणी रचली. ते खरं असेल तर अमेरिकी कायद्यातलं दीडशे वर्षं टिकलेलं तत्त्व एका बनावट दाव्यावर उभं आहे. पण गंमत पाहा. सर्वोच्च न्यायालयाने दारातच अडवल्यामुळे खरं-खोटं तिथे कसाला लागलंच नाही. खऱ्याला घालवायचं दार तेच, खोट्याला घालवायचंही तेच.

दीडशे वर्षं टिकलेलं म्हणालो ते उगाच नाही. २००५ साली याच निकालाने एका जोडप्याचं दार बंद केलं. कोर्टाच्या कागदांत त्यांची नावं जॉन डो आणि जेन डो, म्हणजे आपल्याकडचे अमुक आणि तमुक. नवरा शीतयुद्धाच्या काळात शत्रूराष्ट्राचा बडा मुत्सद्दी होता. दोघांना अमेरिकेत पळून यायचं होतं. सीआयएच्या माणसांनी त्यांना सांगितलं, इतक्यात येऊ नका, जिथे आहात तिथेच राहून आमच्यासाठी काम करा, मग तुम्हाला आणू आणि जन्मभर सांभाळू. त्यांनी काम केलं. पुढे त्यांना आणलंही, नवी नावं दिली, वर्षाला २० हजार डॉलर सुरू केले, ते वाढत २७ हजारांवर गेले. नवऱ्याला बँकेत नोकरी लागली तशी सीआयएने रक्कम कमी करत नेली आणि थांबवली. १९९७ मध्ये बँकेचं विलीनीकरण झालं आणि नोकरी गेली. खोटं नाव, गाळलेला पूर्वेतिहास, उतरतं वय. नवी नोकरी कोण देणार? सीआयएने सांगितलं, तुमच्या सेवेच्या मानाने जे दिलं ते पुरेसं आहे.

त्यांनी सीआयएचे तेव्हाचे संचालक जॉर्ज टेनेट यांच्यावर दावा केला. खालच्या दोन कोर्टांना तो ऐकावासा वाटला. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी नऊच्या नऊ न्यायमूर्तींच्या वतीने एका वाक्यात सांगावं तसं सांगितलं, की टॉटनचा निकाल अजून जिवंत आहे. गुप्तहेरीच्या नात्यावर उभा असलेला दावा कोर्ट ऐकणारच नाही. दाराआड बसून नाही, सीलबंद कागद वाचूनही नाही.

हेर आणि खबऱ्या यांत कायदा फरक करतो, हे इथे सांगायला हवं. हेराचं असणंच नाकारायचं असतं. गुन्हेगारीतला खबऱ्या तसा नसतो. त्याच्या माहितीवरून खटले उभे राहतात, कधी तो साक्षीलाही येतो. म्हणून अमेरिकेत अमली पदार्थविरोधी खात्याच्या, म्हणजे डीईएच्या खबऱ्यांना सरकारविरुद्धच्या दाव्यांच्या कोर्टाची पायरी चढता येते. तिथल्या एका फिर्यादीचं नाव आहे ‘एसजीएस-९२-एक्स००३’. निकालपत्राच्या डोक्यावर हेच छापलं आहे. तो तिचा खबऱ्या-क्रमांक. खात्यातले लोक तिला ‘प्रिन्सेस’ म्हणत. कोलंबियातल्या अमली पदार्थवाल्यांचा काळा पैसा पांढरा करणाऱ्यांत ती मिसळली होती. १९९५ मध्ये तिथे तिचं अपहरण झालं आणि तीन महिन्यांहून अधिक काळ ती कोंडून होती. सुटली ती आजारी होऊन.

तिने दावा लावला तेव्हा मध्ये उभा राहिला अधिकाराचा प्रश्न, आणि खबऱ्यांच्या बहुतेक दाव्यांची नाव याच खडकावर फुटते. खबऱ्याला शब्द देतो तो रस्त्यावरचा अधिकारी. जप्तीतला इतका हिस्सा तुझा, तुझ्या घरच्यांना आम्ही बघू. खबऱ्याच्या दृष्टीने तो अधिकारी म्हणजेच सरकार. कायद्याच्या दृष्टीने सरकारला बांधून घेण्याचा अधिकार असलेला साहेब तिसऱ्या मजल्यावर बसतो आणि त्याने या माणसाचं तोंडही पाहिलेलं नसतं. खाजगी कंपनीचा विक्रेता भलतं आश्वासन देऊन गेला तर कंपनीला अनेकदा ते निभवावं लागतं. सरकारच्या बाबतीत तसं नाही. समोरच्याला तेवढा अधिकार आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी खबऱ्याची. जो माणूस बोगद्यात भेटतो त्याच्याकडे अधिकारपत्र मागा म्हणण्यासारखं हे झालं. प्रिन्सेसला अखेर २०१४ साली अकरा लाख डॉलरांहून थोडी जास्त रक्कम मंजूर झाली, पण ती तिला राखण्याची जबाबदारी सरकारने पाळली नाही म्हणून, तिच्या औषधपाण्यासाठी. जप्तीतल्या टक्क्यांसाठी नव्हे.

सरकारची बाजू अगदीच लंगडी आहे असं कुणी समजू नये. पैशांचा नळ सोडला की काय होतं ते डीईएच्याच हिशेबांत दिसलं. २०१६ मध्ये अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी पाच वर्षांचा हिशेब तपासला. १८ हजारांहून जास्त खबरे नोंदलेले, त्यांतल्या ९ हजारांहून अधिक जणांना मिळून सुमारे २३ कोटी ७० लाख डॉलर दिलेले, आणि कुणी काय माहिती दिली, ती उपयोगी पडली का, याची नोंद जागोजागी अपुरी. त्याआधीच एक मासला उघडकीला आला होता. अॅमट्रॅक या रेल्वे कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला डीईएने वीस वर्षांत ८ लाख ५४ हजार ४६० डॉलर दिले होते. कशाबद्दल? प्रवाशांची माहिती पुरवल्याबद्दल. ती माहिती डीईएला रेल्वेच्या पोलिसांकडून फुकट मिळत होती.

हे झालं उधळपट्टीचं. लबाडीची भीती वेगळी. खबऱ्याचं नाव कुणालाच माहीत नसेल, तर नसलेला खबऱ्या उभा करणं किती सोपं! अधिकाऱ्याने स्वतःच्या तपासात मिळालेला माल एका काल्पनिक खबऱ्याच्या टीपेवर दाखवायचा, बक्षीस मंजूर करून घ्यायचं आणि ज्याचा अंगठा लावला त्या मेहुण्याबरोबर वाटून घ्यायचं. ते डाव्या अंगठ्याचे ठसे, सीलबंद पाकिटं, समित्या हे सगळं नुसतं खबऱ्याच्या रक्षणासाठी नाही, साहेबांवर लक्ष ठेवण्यासाठीही आहे. तिसरी भीती न्यायाची. वसुलीतला वाटा हक्काचा झाला तर माल सापडावा यात खबऱ्याचा इतका स्वार्थ गुंततो, की सापडत नसेल तर तो स्वतः नेऊन ठेवेल. आरोपीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि तो गैर नसतो.

या भीती खऱ्या आहेत हे मान्य. पण त्यांवर उपाय मर्जी हाच आहे का? अमेरिकेने एका ठिकाणी उलटा प्रयोग केला. २००६ च्या कायद्याने मोठ्या करचुकव्यांची माहिती देणाऱ्यांना वसुलीच्या १५ ते ३० टक्के देणं करखात्यावर बंधनकारक केलं. रक्कम पटली नाही तर कर न्यायालयात अपील करायची मुभा दिली. बक्षिसाचं घेणं झालं. ब्रॅडली बर्कनफेल्ड हा स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेतला अमेरिकी बँकर. श्रीमंत अमेरिकनांचा पैसा तिथे कसा लपवला जातो हे त्याने सरकारला सांगितलं. २००९ मध्ये यूबीएसने ७८ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. लपवाछपवीत बर्कनफेल्डचा स्वतःचाही हात होता, त्यामुळे त्याला चाळीस महिन्यांची शिक्षा झाली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तो तुरुंगातून बाहेर आला आणि सप्टेंबरमध्ये करखात्याने त्याला १० कोटी ४० लाख डॉलर मंजूर केले. एका खिडकीवर शिक्षा, दुसऱ्या खिडकीवर धनादेश. मला यात विसंगती दिसत नाही. गुन्ह्याचा हिशेब वेगळा ठेवला आणि घेण्याचा वेगळा.

आपल्याकडे सेबीने २०१९ साली आतल्या गोटातल्या माहितीवर शेअरचे सौदे करणाऱ्यांविरुद्ध खबर देणाऱ्यांसाठी बक्षीस आणलं, वसुलीच्या १० टक्के आणि कमाल १ कोटी. दोनच वर्षांत कमाल १० कोटींवर नेली. मर्यादा अशा भराभर वाढतात. पण मर्यादा वाढवणं म्हणजे फळ्यावरचा आकडा बदलणं. मिळालं नाही तर कुणाकडे जायचं, या ओळीत काही बदलत नाही.

कोर्टांनी मात्र त्या ओळीत थोडी फट ठेवली आहे. बक्षीस हक्क नसेल, पण सरकारची मर्जीही लहर असू शकत नाही. समितीने निर्णय घेतला तर कारणं हवीत, योजनेत लिहिलेले निकष पाळायला हवेत, माहिती वापरून घेऊन नंतर ओळख विसरायची हे चालणार नाही. या फटीतून अधूनमधून एखादा दावा पार होतो. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात असाच एक पार झाला. नव्वदच्या दशकात सीमाशुल्क खात्याला टीप दिलेल्या एका खबऱ्याच्या बक्षिसाचं ते प्रकरण. न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, पण तो ऐकायला खबऱ्या नव्हता. तो गेला होता. याचिका त्याच्या पत्नीची होती.

भारतीय पुरावा कायद्याचं कलम १२५, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्याचं कलम १३१, सांगतं की माहिती कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसावर किंवा महसूल अधिकाऱ्यावर कुणीही करू शकत नाही. खबऱ्याचं नाव सरकार सांगत नाही. त्या माणसाचंही सरकारने सांगितलं नव्हतं. पण याचिकेला नाव लागतं, क्रमांकावर ती इथे दाखल होत नाही. शिवाय आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे बाईच्या नावाच्या मधोमध नवऱ्याचं नाव असतं. निकालपत्राच्या पहिल्या पानावर ते तसंच, पूर्ण छापलेलं आहे.